कोइम्बतूर ते मार्टिन्सव्हिल : नारायण कार्तिकेयनची कारकीर्द

नारायण कार्तिकेयन हे नाव भारतात ओळखले जाते ते फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक म्हणून. ते वर्ष 2005. त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च 2010 मध्ये, तो अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. भारतात जन्मलेला चालक त्याआधी नॅसकारमध्ये कधी धावला नव्हता. फॉर्म्युला वन आणि नॅसकार ही मोटार शर्यतीची दोन टोके आहेत. गाड्या वेगळ्या, ट्रॅक वेगळे, चालकांची घडण वेगळी. एकाच माणसाने दोन्हीकडे स्पर्धा केल्याची उदाहरणे जगातही थोडीच आहेत. भारतात तर शर्यतीच्या गाड्या बनवणारे कारखाने नव्हते, चालक घडवणारी शाळा नव्हती, सरकारी आश्रयही नव्हता. अशा देशातून हा प्रवास झाला, कारण नारायण शर्यतीच्या घरात जन्मला होता. त्या घराने त्याला बरेच काही दिले. मात्र एका टप्प्यानंतर घर पुरे पडेनासे झाले, आणि त्याच्या कारकिर्दीतले बहुतेक चढउतार तिथूनच सुरू होतात.

नारायणचा जन्म 14 जानेवारी 1977 चा. वडील जी. आर. कार्तिकेयन हे राष्ट्रीय रॅली विजेते. साउथ इंडिया रॅली त्यांनी सात वेळा जिंकली होती. रॅलीत बंद ट्रॅक नसतो. कच्चे रस्ते, घाट, रात्रीचे टप्पे असे सगळे पार करत मिनिटासेकंदांचा हिशेब सांभाळावा लागतो. वाटेत गाडी बिघडली तर चालकाला स्वतःच हात काळे करावे लागतात. त्यामुळे इंजिन उघडणे, सस्पेन्शन बदलणे, टायरची निवड करणे या गोष्टी या मुलाच्या कानावर आणि डोळ्यांसमोर लहानपणापासून होत्या. इतर मुलांना ज्या वयात मोटार म्हणजे फक्त प्रवासाचे साधन वाटते, त्या वयात त्याला ती खोलता-जोडता येणारी वस्तू म्हणून माहीत झाली होती.

यात त्याच्या कोइम्बतूर शहराचा वाटाही मोठा आहे. भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जे सूत चढते, त्यातले बरेच तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांमधून येते, आणि त्या गिरण्यांचे जुने केंद्र म्हणजे कोइम्बतूर. दोन्हीकडे कापडाचाच धंदा, पण त्याची रचना निराळी. भिवंडीत धंदा हजारो लहान कारखानदारांमध्ये वाटला गेला. एकेका शेडमध्ये काही माग, मालकाचा सगळा जीव व्यापाऱ्याच्या उधारीत आणि विजेच्या बिलात अडकलेला. कोइम्बतूरमध्ये मोठ्या गिरण्यांची घराणी उभी राहिली. त्या गिरण्यांना लागणारी यंत्रे आणि सुटे भाग तिथेच बनू लागले, त्यापाठोपाठ पंप, मोटर आणि ओतकामाचे कारखाने आले. लेथवर एखादा भाग बिनचूक उतरवून देणारा कारागीर त्या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत असे. मोकळा पैसा आणि हुशार वर्कशॉप एकाच गावात असले की शर्यतीचा नाद मूळ धरतो. कोइम्बतूरमध्ये नेमके तेच झाले.

लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातले एस. करिवर्धन हे या नादाचे सर्वांत मोठे नाव. भारतीय मोटार शर्यतीच्या इतिहासात त्यांच्याइतके काम क्वचितच कुणी केले असेल. स्वतः चालवणे हा त्यांच्या कामाचा लहान भाग होता. त्यांनी गाड्या बनवल्या. 1980 च्या दशकात मारुती 800 रस्त्यावर आली तेव्हा तिचे छोटे, स्वस्त आणि देशात सर्वत्र मिळणारे इंजिन पाहून त्यांनी त्याभोवती एका आसनाची, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी तयार केली. हीच फॉर्म्युला मारुती. तोवर भारतात शर्यत म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या गाड्या आणि घरगुती फेरफार केलेल्या फियाट, अॅम्बेसेडर असे चित्र होते. ज्याच्याकडे चांगली गाडी तो जिंकणार, हे बहुधा आधीच ठरलेले असे. फॉर्म्युला मारुतीमुळे सारख्या गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, आणि चालकाचे कसब वेगळे दिसू लागले. 1995 मध्ये विमान अपघातात करिवर्धन यांचे निधन झाले. कोइम्बतूरजवळच्या ट्रॅकला पुढे त्यांच्याच नावावरून कारी मोटर स्पीडवे हे नाव देण्यात आले.

त्या काळी भारतात शर्यती कुठे होत, हेही पाहायला हवे. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होती. 1953 मध्ये स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवी. कोलकात्याजवळ बराकपूर आणि मुंबईत जुहू येथेही विमानतळाच्या धावपट्ट्यांवरच गाड्या पळत. गवताच्या पेंढ्या आणि पिंपे मांडून वळणे तयार केली जात. शर्यतीसाठी म्हणून बांधलेला ट्रॅक 1990 मध्ये मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूर परिसरातल्या इरुंगट्टुकोट्टई येथे सुरू झाला. नारायण तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याला हवा असलेला ट्रॅक आणि त्याला परवडणारी गाडी ही दोन्ही अगदी त्याच्या वयात देशात आली. दहा वर्षे आधी जन्मलेल्या गुणी चालकांच्या वाट्याला हा योग आला नाही.

इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर फॉर्म्युला मारुतीतून त्याने पहिली शर्यत केली आणि पहिल्याच खेपेला पहिल्या तिघांत आला. 1992 मध्ये तो फ्रान्समधील एल्फ-विनफिल्ड शाळेत गेला. नव्या चालकांना शोधून घडवणारी ती नामांकित शाळा होती, आणि तिथल्या स्पर्धेत तो उपांत्य फेरीपर्यंत पोचला. 1993 मध्ये भारतात फॉर्म्युला मारुती आणि ब्रिटनमध्ये फॉर्म्युला व्हॉक्सहॉल ज्युनियर अशा दोन्ही आघाड्यांवर तो धावला. 1994 मध्ये ब्रिटनची फॉर्म्युला फोर्ड हिवाळी मालिका त्याने जिंकली. युरोपातली शर्यत मालिका जिंकणारा तो पहिला भारतीय. त्यावेळी तो सतरा वर्षांचा होता.

इथून पुढे घराचा हात अपुरा पडू लागला. युरोपातल्या चालकाला आठव्या-नवव्या वर्षापासून कार्टिंग मिळते, मग दरवर्षी एक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर संघ, प्रायोजक आणि देशी संघटना त्याला ओळखत असतात. भारतातून गेलेल्या मुलाला प्रत्येक हंगामाचा पैसा नव्याने उभा करावा लागे. त्यामुळे नारायणची पुढची काही वर्षे सलग नाहीत. 1995 मध्ये तो आशियात परतला आणि फॉर्म्युला एशिया मालिकेच्या मोजक्या शर्यती धावला. पुढच्या वर्षी पूर्ण हंगाम धावून त्याने ती मालिका जिंकली. असे यश मिळवणारा तो पहिला भारतीय आणि पहिला आशियाई चालक होता. 1997 मध्ये पुन्हा ब्रिटन, फॉर्म्युला ओपेल, डॉनिंग्टन पार्कवर एक विजय. 1998 मध्ये कार्लिन संघाकडून ब्रिटिश फॉर्म्युला 3, पण अर्धाच हंगाम. 1999 मध्ये ब्रँड्स हॅचवर दोन विजय. 2000 मध्ये त्याने मालिकेत चौथा क्रमांक मिळवला, मकाऊ ग्रां प्रीत पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीचे पहिले स्थान, घेतली आणि कोरिया सुपर प्री जिंकली. मकाऊची पोल ही साधी गोष्ट नव्हे. शहराच्या अरुंद रस्त्यांवरची ती शर्यत फॉर्म्युला 3 मधली सर्वांत मानाची समजली जाते, आणि आयर्टन सेना व मायकेल शूमाकर हे दोघेही तिचे विजेते.

14 जून 2001 रोजी सिल्व्हरस्टोन येथे जॅग्वार संघाच्या गाडीची त्याने चाचणी घेतली. फॉर्म्युला वनची गाडी एका भारतीयाने चालवण्याचा तो पहिला प्रसंग. त्याच वर्षी जॉर्डन संघानेही त्याला चाचणी दिली. वेग पुरेसा होता, तरीही जागा मिळायला आणखी चार वर्षे लागली. या काळात तो जपानमध्ये फॉर्म्युला निप्पॉन आणि युरोपात निसान वर्ल्ड सिरीजमध्ये धावला आणि निसानच्या मालिकेत शर्यती जिंकल्या. अखेर 1 फेब्रुवारी 2005 रोजी जॉर्डनने त्याच्याशी करार जाहीर केला. टाटा, भारत पेट्रोलियम आणि जे. के. टायर यांसारख्या भारतीय कंपन्यांचे पाठबळ होते म्हणूनच हा करार होऊ शकला. फॉर्म्युला वनमधल्या मागच्या फळीतल्या संघांना चालकाबरोबर पैसाही लागतो. हे सत्य कटू असले तरी लपवण्यासारखे नाही, आणि ते फक्त भारतीय चालकांपुरतेही नाही.

2005 चा जॉर्डन संघ मावळतीला लागला होता. एडी जॉर्डन यांनी तो मिडलंड समूहाला विकला होता, आणि नारायण व पोर्तुगालचा टियागो मॉन्टेरो हे दोन्ही चालक नवखे होते. मार्चमध्ये मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत त्याने बारावे स्थान घेऊन सुरुवात केली आणि पंधरावा आला. त्या मंद गाडीतून बारावे स्थान मिळवणे हे अंतिम क्रमांकापेक्षा जास्त सांगणारे होते.

त्या हंगामातला सर्वांत विलक्षण दिवस 19 जून. स्थळ अमेरिकेतील इंडियानापोलिस. तिथल्या जुन्या लंबवर्तुळाकार ट्रॅकची एक बाजू आणि आतले वळणदार रस्ते जोडून फॉर्म्युला वनचा मार्ग केला होता. त्यामुळे शेवटचे वळण गाड्यांना ओव्हलच्या कलत्या वळणावरून, पूर्ण वेगात घ्यावे लागे. शुक्रवारच्या सरावात त्याच वळणावर राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा टायर निकामी होऊन मोठा अपघात झाला. आपला टायर या वळणाचा ताण सोसू शकत नाही, हे मिशेलिन कंपनीने मान्य केले. वेग कमी करण्यासाठी तात्पुरते वळण टाकण्याचा प्रस्ताव आला, पण मोटार शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तो फेटाळला. रविवारी वीसही गाड्या सुरुवातीच्या फेरीला निघाल्या, आणि फेरी संपता संपता मिशेलिनच्या चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या. मैदानात उरल्या ब्रिजस्टोनचे टायर लावलेल्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, बाटल्या फेकल्या. शर्यत मात्र पूर्ण अंतराची झाली. मायकेल शूमाकर पहिला, त्याचा फेरारीतला सहकारी बॅरिकेलो दुसरा, मॉन्टेरो तिसरा आणि कार्तिकेयन चौथा.

चौथ्या क्रमांकाचे पाच गुण भारताचे फॉर्म्युला वनमधले पहिले गुण ठरले. त्याच्या संपूर्ण फॉर्म्युला वन कारकिर्दीतले गुणही तेवढेच. हे गुण रिकाम्या मैदानात मिळाले, असे म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यात तथ्यही आहे. पण गाडी शेवटपर्यंत चालवणाऱ्या सहा जणांत तो होता, आणि त्याच्या गाडीचे टायर त्या वळणाला पुरून उरले. क्रीडेच्या नोंदवहीत इतकेच लागते. त्या वर्षाचा शेवट शांघायच्या शर्यतीत झाला, जिथे त्याची गाडी वेगात भिंतीवर आदळली. तो सुखरूप बाहेर आला. पुढच्या हंगामात संघाचे नाव बदलले आणि त्याची जागा गेली.

2006 आणि 2007 मध्ये तो विल्यम्स संघाचा चाचणी चालक होता. चाचणी चालक गाडी घडवण्यात मदत करतो, पण रविवारच्या शर्यतीत तो नसतो. स्पर्धेची भूक भागली ती ए-वन ग्रां प्रीमध्ये, जिथे गाड्या देशाच्या नावाने धावत. डिसेंबर 2007 मध्ये चीनमधल्या झुहाईला त्याने भारताच्या संघाला पहिला विजय मिळवून दिला आणि पुढे ब्रँड्स हॅचवरही जिंकला. 2009 मध्ये तो ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ऑडी घेऊन उतरणार होता. शर्यत सुरू होण्याच्या थोडा वेळ आधी पिटच्या भिंतीवरून उडी मारताना त्याचा खांदा दुखावला आणि त्याला बाहेर बसावे लागले. दोन्ही सहचालकांनी गाडी पूर्ण चोवीस तास चालवून सातवा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी ए-वन ग्रां प्री मालिका पैशाअभावी बंद पडली. तिशी ओलांडलेल्या, फॉर्म्युला वनमध्ये जागा नसलेल्या चालकापुढे मोजकेच पर्याय उरले होते. त्याने त्यातला सर्वांत अनोळखी पर्याय निवडला.

नॅसकार ही स्टॉक कारची संघटना. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बंद मोटारी शर्यतीत उतरवायच्या, ही तिची मूळ कल्पना. फेब्रुवारी 1948 मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत चोरटी दारू वाहणारे तरुण पोलिसांना चुकवण्यासाठी गाड्यांना जोरदार इंजिने आणि भक्कम स्प्रिंगा बसवत, आणि रविवारी आपापसांत मातीच्या ट्रॅकवर पळवत. 19 जून 1949 रोजी शार्लट येथे झालेल्या पहिल्या मोठ्या शर्यतीत सर्वांत आधी पोचलेल्या गाडीला अशाच स्प्रिंगांमुळे बाद करण्यात आले. त्याच शर्यतीत उसनी आणलेली ब्यूक गाडी उलटवून बसलेला एक चालक होता, ली पेटी.

या ली पेटींपासून स्टॉक कारची घराणेशाही सुरू होते. 1959 मधली पहिली डेटोना 500 शर्यत त्यांनी जिंकली. निकाल इतका निसटता होता की छायाचित्रे तपासून तो जाहीर करायला तीन दिवस गेले. मुलगा रिचर्ड पेटी याने 200 शर्यती आणि सात अजिंक्यपदे मिळवली. त्याचा मुलगा काइल आणि नातू अॅडमही चालक झाले. मे 2000 मध्ये न्यू हॅम्पशायरला सराव करताना अॅडमचा मृत्यू झाला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दुसरे घराणे अर्नहार्टांचे. आजोबा राल्फ, सात अजिंक्यपदे मिळवणारा डेल आणि त्याचा मुलगा डेल ज्युनियर. फेब्रुवारी 2001 मध्ये डेटोना 500 च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट अपघातात गेला, आणि मुलगा त्याच शर्यतीत दुसरा आला. खुद्द नॅसकारची मालकीही फ्रान्स कुटुंबाकडेच राहिली. या घरांतली मुले शाळेत असतानाच गावच्या मातीच्या ओव्हलवर गाड्या घासत मोठी होतात. गाडी मागून सरकू लागली की काय करायचे, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

नारायणही शर्यतीच्या घरातला होता, पण त्याचे घर रॅलीचे आणि नंतर एकआसनी गाड्यांचे. ओव्हलवर तो तेहतिसाव्या वर्षी आला. ओहायोतील मोटार विक्रेते जेफ वायलर यांच्या वायलर रेसिंग संघाने त्याला 60 क्रमांकाचा ट्रक दिला. नॅसकारची ट्रक मालिका 1995 मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या गाड्या पिकअपसारख्या दिसतात, पण आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि मोठे व्ही-8 इंजिन असते. वजन दीड टनांहून अधिक. त्याने 2005 मध्ये चालवलेली जॉर्डन चालकासकट सहाशे किलोंच्या आसपास होती. फॉर्म्युला वनच्या गाडीवर हवेचा दाब तिला जमिनीला चिकटवून ठेवतो, आणि ब्रेक शेवटच्या क्षणी मारला तरी ती थांबते. ट्रकला असे लाड चालत नाहीत. ब्रेक लवकर, हळुवार लावावे लागतात, नाहीतर ते तापून निकामी होतात. ओव्हलवरची शर्यत पूर्णतः डाव्या वळणांची, म्हणून गाडीची मांडणीही डावीकडे झुकेल अशीच केलेली असते. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग उजवीकडे किंचित धरून ठेवावे लागते. संघाचा एक माणूस स्टँडच्या छतावर उभा राहून रेडिओवर सांगत असतो की बाजूला कोण आहे, आत कोण घुसतो आहे. चालकाला स्वतःच्या डोळ्यांइतकाच त्या आवाजावर भरवसा ठेवावा लागतो. आणि गाडीला गाडी लागणे हा इथे गुन्हा नसतो.

पहिल्या शर्यतीसाठी मार्टिन्सव्हिलइतका अवघड ट्रॅक दुसरा क्वचितच मिळाला असता. 1947 मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक नॅसकारच्या मोठ्या मालिकेतला सर्वांत छोटा, 0.526 मैलांचा, म्हणजे साधारण 850 मीटरचा. आकार कागद अडकवायच्या पिनेसारखा. दोन लांब सरळ पट्ट्या आणि टोकांना जवळजवळ सपाट, आखूड वळणे. त्या वळणांवर छत्तीस ट्रक एकमेकांना खेटून शिरत होते. शर्यत 250 फेऱ्यांची होती. जागा इतकी कमी की मागून ढकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असे तिथले चालक सांगतात. नारायणने अकराव्या स्थानावरून सुरुवात केली आणि तेरावा आला. ओव्हलचा अनुभव नसलेल्या चालकाने या ट्रॅकवर गाडी शाबूत राखून पहिल्या पंधरांत यावे, हे कौतुकाचेच होते. रिचर्ड पेटीने याच मार्टिन्सव्हिलवर पंधरा वेळा विजय मिळवला, पण त्याचे बालपणच या ट्रॅकच्या पट्ट्यात गेले होते.

त्या हंगामाच्या 25 शर्यतींपैकी नारायण नऊ शर्यती धावला. विजय मिळाला नाही, पण वर्षाच्या शेवटी चाहत्यांच्या मतांवर दिला जाणारा ट्रक मालिकेतल्या सर्वाधिक लोकप्रिय चालकाचा मान त्याला मिळाला. अमेरिकेतल्या या अगदी स्थानिक खेळात एका भारतीयाला असा मान मिळणे तिथल्या लोकांनाही चकित करणारे होते. नऊ शर्यतींच्या चालकाला पूर्ण हंगाम धावणाऱ्यांपेक्षा जास्त मते मिळाली, यामागे भारतातल्या चाहत्यांचा मोठा हात असावा. त्याच 2010 सालात भारत सरकारने त्याला पद्मश्री दिली.

स्टॉक कारमध्ये टिकून राहायचे तर आणखी दोन-तीन हंगाम आणि त्याला लागणारा पैसा हवा होता. पण भारतात वेगळेच वारे वाहत होते. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट बांधले जात होते आणि 2011 मध्ये भारताची पहिली ग्रां प्री ठरली होती. अशा वेळी भारतीय चालकाला फॉर्म्युला वनमध्ये किंमत होती. हिस्पानिया म्हणजे एचआरटी या स्पॅनिश संघाने टाटांच्या पाठबळासह त्याला 2011 साठी घेतले. संघ सर्वांत मागचा. मेलबर्नला तर पात्रतेची वेळही गाठता आली नाही. हंगामाच्या मध्यावर त्याच्या जागी डॅनियल रिकार्डोला आणले गेले. 30 ऑक्टोबर 2011 रोजी भारतात मात्र त्याला पुन्हा गाडी मिळाली. स्वतःच्या देशात, भरल्या स्टँडपुढे, तो सतरावा आला आणि रिकार्डोच्या पुढे राहिला. 2012 चा हंगामही त्याने त्याच संघाकडून काढला. मलेशियात त्यावेळचा विश्वविजेता सेबास्टियन वेटेल याच्या गाडीशी झालेल्या धडकेची चर्चा त्या वर्षी जास्त झाली. मोनाकोतला पंधरावा क्रमांक मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, जरी तो त्या गाडीच्या मानाने फार वरचा होता. वर्षअखेरीस एचआरटीच बंद पडला. फॉर्म्युला वनमध्ये त्याने एकूण 46 शर्यतींत भाग घेतला.

तिथून तो 2013 मध्ये ऑटो जीपीत आणि 2014 पासून जपानच्या सुपर फॉर्म्युलात गेला. जपानमधली वर्षे त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत स्थिर. शेवटी तो नाकाजिमा रेसिंगमध्ये होता, ज्याची प्रायोजक मुंबईची टीसीएस होती. संघाचे मालक सातोरू नाकाजिमा हे स्वतः फॉर्म्युला वनचे माजी चालक. त्यांचा मुलगा काझुकी 2007 मध्ये विल्यम्सकडे नारायणबरोबरच चाचणी चालक होता. 2019 मध्ये उघड्या चाकांच्या गाड्या सोडून तो त्याच संघाच्या होंडा एनएसएक्समधून सुपर जीटीत उतरला. ही गाडी पुन्हा बंद छपराची, रस्त्यावरच्या मॉडेलचे रूप घेतलेली. 24 नोव्हेंबर 2019 रोजी फुजी येथे सुपर जीटी आणि जर्मनीच्या डीटीएम मालिकेतल्या गाड्या एकत्र धावल्या, आणि दुसऱ्या दिवसाची शर्यत नारायणने जिंकली. त्यावेळी तो बेचाळीस वर्षांचा होता. पुढे त्याने कोइम्बतूरमध्ये जुन्या दुचाकी नूतनीकरण करून विकणारी ड्राइव्हएक्स ही कंपनी काढली, जिच्यात 2022 मध्ये टीव्हीएस मोटरने मोठा हिस्सा घेतला.

या कारकिर्दीचे परिणाम मोजताना आणखी एक नाव घ्यावे लागते. फॉर्म्युला वनमधला दुसरा भारतीय करुण चंढोक हाही शर्यतीच्याच घरातला. वडील विकी चंढोक चालक आणि संघटक, आजोबा इंदू चंढोक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या संस्थापकांपैकी. म्हणजे भारतातून तिथे पोचलेले दोघेही तमिळनाडूच्या घरांतून आले. ट्रॅक, क्लब, जाणकार कारागीर आणि घरातला अनुभव हे सगळे एका राज्यात एकवटले होते, आणि महाराष्ट्राकडे हे सगळे एकत्र नव्हते. मुंबईत पैसा होता, पण ट्रॅक नव्हता. कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने आणि यंत्रांची जाण होती, पण शर्यतीची परंपरा फार उशिरा आली.

नारायणनंतर हे चित्र थोडे हलले. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला 3 मालिकेपर्यंत गेला. मुंबईचा जेहान दारूवाला शर्यतीच्या घरातला नव्हता. 2011 मध्ये फोर्स इंडिया संघाने घेतलेल्या शोधमोहिमेतून तो पुढे आला, कार्टिंगनंतरच्या बहुतेक पायऱ्या युरोपात चढला, आणि फॉर्म्युला 2 मध्ये त्याने शर्यती जिंकल्या. म्हणजे घराच्या जागी संस्था उभी राहू शकते, हे त्याच्या उदाहरणातून दिसले. पण फॉर्म्युला वनची जागा त्यालाही मिळाली नाही आणि तो फॉर्म्युला ई मालिकेकडे वळला. उत्तर प्रदेश सरकारशी करावरून झालेल्या वादात भारतीय ग्रां प्री 2013 नंतर थांबली, त्यामुळे भारतीय चालकाला घेण्याचे व्यापारी कारणही संपले. भारतात स्वतःची फॉर्म्युला 4 मालिका 2023 मध्ये सुरू झाली. 25 नोव्हेंबर 2012 च्या ब्राझील ग्रां प्रीत नारायण कार्तिकेयन शेवटचा धावला, त्यानंतर 2025 च्या हंगामापर्यंत फॉर्म्युला वनच्या शर्यतीत दुसरा भारतीय उतरलेला नाही.